जुन्या पीसीसाठी नवा एसएमपीएस: वॅट विसरा, पाच व्होल्टची ओळ वाचा

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय, मागितला की दुकानदार पहिलं विचारतो, "किती वॅटचा?" आजच्या पीसीसाठी प्रश्न रास्त आहे. ४८६, पेंटियम किंवा पहिल्या अ‍ॅथलॉनसाठी मात्र त्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. २००१ सालच्या मशीनला नवाकोरा ६५० वॅटचा एसएमपीएस कमी पडू शकतो आणि त्याच मशीनला त्या काळचा ३०० वॅटचा पुरून उरतो.

कारण वायरींच्या रंगात आहे. आजच्या एसएमपीएसची जवळपास सगळी ताकद पिवळ्या वायरवर, म्हणजे १२ व्होल्टवर असते. जुन्या मशीनची भूक लाल वायरवर, ५ व्होल्टवर. १९८१ च्या आयबीएम पीसीचा सप्लाय ६३.५ वॅटचा होता. त्यात ५ व्होल्टवर ७ अँपिअर, म्हणजे ३५ वॅट, अर्ध्याहून जास्त. आयबीएमच्याच पुढच्या एक्सटी मॉडेलचा १३० वॅटचा, त्यातले ७५ वॅट ५ व्होल्टवर. आजच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये ५ आणि ३.३ व्होल्ट मिळून साधारण १०० ते १२० वॅट मिळतात, बाकी सगळं १२ व्होल्टला. २००० साली पेंटियम ४ सोबत चार पिनांचा वेगळा १२ व्होल्टचा कनेक्टर आला आणि प्रोसेसरचं जेवण लाल वायरवरून पिवळ्या वायरवर गेलं. तुमचं मशीन त्या वळणाच्या अलीकडचं की पलीकडचं, यावर पुढची सगळी निवड ठरते.

जुना सप्लाय चालतोय, तर बदलायचा का?

चालतोय म्हणजे ठीक आहे असं नाही. तीस वर्षं जुन्या सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात. व्होल्टेज मल्टिमीटरवर बरोबर दिसतं, पण त्यावरचा रिपल (बारीक, वेगवान चढउतार) वाढलेला असतो आणि मशीन विनाकारण अडकायला लागतं. मेन्सच्या बाजूला रिफाचे पारदर्शक पिवळसर कागदी कपॅसिटर असतील तर त्यांच्या आवरणाला तडे जातात, आत ओल शिरते आणि एक दिवस खोलीभर उग्र धूर होतो. अमेरिकेतून आलेलं मशीन असेल तर मागची ११५/२३० ची लाल पट्टी आधी बघा. ती ११५ वर राहिली आणि प्लग आपल्या २३० व्होल्टमध्ये गेला, तर निवडीचा प्रश्न तिथेच संपतो. काही सप्लायमध्ये ही पट्टी नसतेच, ते फक्त ११५ चे असतात. आजचे अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले (मेन्सचा करंट एकसारखा ओढणारं सर्किट असलेले) बहुतेक एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट आपोआप घेतात.

जुना सप्लाय फेकू नका. त्याची पेटी, पंख्याची जाळी आणि स्विच पुढे कामाला येतात. तो उघडणार असाल तर प्लग काढून बराच वेळ तसाच ठेवा आणि मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं, ते अजिबात उरलेलं नाही हे मीटरने तपासा. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांनी उघडू नये. पेटीवाचून काही अडत नाही.

पायरी १: बोर्डवरचा कनेक्टर ओळखा

एका ओळीत १२ पिना आणि त्यावर सहा-सहा पिनांचे दोन प्लग बसत असतील तर बोर्ड एटी आहे. एक्सटीपासून पेंटियमपर्यंतचे बहुतेक बोर्ड असेच. दोन रांगांत २० पिना असतील तर एटीएक्स, १९९५ नंतरचा. काही सुपर सॉकेट ७ बोर्डांवर दोन्ही असतात. अशा वेळी डोळे मिटून एटीएक्स वापरा, अ‍ॅडॅप्टरची भानगडच नको.

नवा २४ पिनांचा प्लग २० पिनांच्या सॉकेटमध्ये चालतो. बहुतेकांत शेवटच्या चार पिना सुट्या होतात. होत नसतील तर एक नंबरची पिन जुळवून चार पिना बाहेर लोंबत्या ठेवा, फक्त शेजारचा कपॅसिटर आड येत नाही ना ते बघा.

एक सापळा मात्र जीवघेणा आहे. साधारण १९९८ ते २००० च्या काळातल्या अनेक डेल मशीनमध्ये कनेक्टर दिसायला हुबेहूब एटीएक्स, पण आतली जोडणी वेगळी. साधा एसएमपीएस लावला की बोर्ड किंवा सप्लाय, कधी दोन्ही, जातात. कॉम्पॅकच्याही बऱ्याच मशीनमध्ये स्वतःची जोडणी होती. ब्रँडेड मशीन असेल तर मूळ सप्लायच्या वायरींचे रंग पिनवार कागदावर उतरवा आणि प्रमाणित एटीएक्सशी ताडून पाहा. रंग जुळला नाही तर लावू नका.

पायरी २: ५ व्होल्टवर किती अँपिअर लागतील

साधं ४८६ घ्या: डीएक्स२-६६, व्हीएलबी ग्राफिक्स कार्ड, आयएसए साउंड कार्ड (व्हीएलबी आणि आयएसए हे त्या काळच्या कार्डांच्या खोबण्यांचे प्रकार), एक हार्डडिस्क, एक सीडीरॉम, एक फ्लॉपी. प्रोसेसर ५-६ वॅटचा, म्हणजे जेमतेम सव्वा अँपिअर. बोर्ड, रॅम आणि कार्डं मिळून चार-पाच अँपिअर, ड्राइव्हचे दीड-दोन. सगळं मिळून ५ व्होल्टवर ८ अँपिअरच्या आत. १२ व्होल्टवर चालताना एक-दीड, पण हार्डडिस्क फिरायला लागते त्या क्षणी दोन-तीन अँपिअर जास्त. हे मशीन आजचा कुठलाही धड एसएमपीएस झोपेत चालवेल.

पेंटियम ६६ सोळा वॅटचा आणि तोही थेट ५ व्होल्टवर. एमएमएक्स २३३ सतरा वॅटचा. इथपर्यंत काळजी नाही. पेंटियम २ च्या पहिल्या पिढीतला ३०० मेगाहर्ट्झचा ४३ वॅटवर जातो, पेंटियम ३ पुन्हा तिसाच्या आसपास उतरतो. तरीही २० अँपिअरमध्ये भागतं.

खरी कसोटी सॉकेट ए, म्हणजे अ‍ॅथलॉनचे बोर्ड. अ‍ॅथलॉन थंडरबर्ड १४०० ची कमाल उष्णता ७२ वॅट. केटी१३३ए चिपसेटच्या बोर्डवर प्रोसेसरचा रेग्युलेटर हे सगळं ५ व्होल्टवरून ओढतो. रेग्युलेटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ७२ भागिले ०.८, म्हणजे ९० वॅट. ५ व्होल्टवर ते १८ अँपिअर झाले, नुसत्या प्रोसेसरचे! त्यात बोर्ड, पीसीआय कार्डं आणि ड्राइव्ह मिळवले की २२ ते २५ अँपिअर. शिवाय एजीपी खोबणीतलं ग्राफिक्स कार्ड ३.३ व्होल्टवरून ओढतं. त्या खोबणीला ३.३ व्होल्टवर ६ अँपिअरपर्यंत द्यायची मुभा आहे, म्हणजे आणखी २० वॅट.

अ‍ॅथलॉन एक्सपी ३२००+ तर ७६.८ वॅटचा, पण इथे बोर्डागणिक फरक पडतो. असुसच्या ए७एन८एक्सवर चार पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर नाही, सगळा भार लाल वायरवर. अ‍ॅबिटच्या एनएफ७ वर तो आहे. बोर्ड अजून घ्यायचाच असेल तर चार पिनांचा चौकोनी कनेक्टर असलेला घ्या, एसएमपीएसचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

पायरी ३: लेबल वाचा

आजच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर साधारण असं लिहिलेलं असतं:

+३.३ व्होल्ट २० अँपिअर, +५ व्होल्ट २० अँपिअर, दोन्ही मिळून १०० वॅट. +१२ व्होल्ट ४५ अँपिअर. −१२ व्होल्ट ०.३ अँपिअर. स्टँडबाय ५ व्होल्ट ३ अँपिअर.

"दोन्ही मिळून" हे शब्द बारीक अक्षरात असतात आणि तेच महत्त्वाचे. ५ व्होल्टवर पूर्ण २० अँपिअर घेतले तर १०० वॅट तिथेच संपले, ३.३ व्होल्टला शून्य उरलं. वरचा थंडरबर्ड ५ व्होल्टवर २३ अँपिअर, म्हणजे ११५ वॅट आणि ३.३ वर २० वॅट मागतो. बेरीज १३५. हा एसएमपीएस बाद, मग वर ५५० लिहिलेलं असो की ८५०.

तेव्हा कसोटी अशी धरा. एक्सटी ते पेंटियम ३: ५ व्होल्टवर १५ ते २० अँपिअर असलेला कुठलाही चांगला. ५ व्होल्टवर प्रोसेसर चालवणारा सॉकेट ए: ५ व्होल्टवर किमान २५, शक्यतो ३० अँपिअर, आणि एकत्रित मर्यादा १५० वॅटच्या आसपास. असे नवे एसएमपीएस कमी आहेत, पण मिळतात. वॅट वाढवत गेलं की ५ व्होल्ट वाढतंच असं नाही. एकाच कंपनीच्या ५५० आणि ७५० वॅटच्या मॉडेलमध्ये ही ओळ अनेकदा अक्षरशः एकच असते. लेबलचा फोटो पाहिल्याशिवाय ऑनलाइन ऑर्डर करू नका. जाहिरातीतल्या ठळक आकड्यांत ही ओळ कधीच नसते.

उलट टोकाला, ४० वॅटच्या ४८६ ला ८५० वॅटचा लावण्यातही अर्थ नाही. इतक्या कमी भारावर त्याची कार्यक्षमता घसरते. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या शिक्क्यात (ब्रॉन्झ, गोल्ड वगैरे दर्जे) टायटॅनियम सोडलं तर २० टक्क्यांखालच्या भाराची चाचणीच नसते, म्हणजे गोल्डचा शिक्का तुमच्या वापराबद्दल काहीच सांगत नाही.

पायरी ४: आतली रचना ओळखा

स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्टचं नियंत्रण एकत्र असतं, याला ग्रुप रेग्युलेशन म्हणतात. कंट्रोलर दोन्ही व्होल्टेजची सरासरी सांभाळतो. जुन्या मशीनचा सगळा भार ५ वर आणि १२ वर जवळपास काही नाही. मग ५ व्होल्ट खाली बसतं, कंट्रोलर ते उचलायला जातो आणि मोकळं पडलेलं १२ व्होल्ट १३ कडे चढतं. ५ व्होल्ट ४.७ वर, १२ व्होल्ट १२.९ वर, दोन्ही मर्यादेबाहेर आणि सप्लायच्या मते सगळं आलबेल.

डीसी-टू-डीसी रचनेत आधी फक्त १२ व्होल्ट बनतं आणि त्यातून वेगळ्या छोट्या कन्व्हर्टरने ५ आणि ३.३ काढतात. एकावरचा भार दुसऱ्याला हलवत नाही. आपल्याला हीच हवी. उघडून न बघता ओळखायची युक्ती: १२ व्होल्टचे अँपिअर गुणिले १२ करा. उत्तर एकूण वॅटच्या जवळपास आलं (४५ गुणिले १२ म्हणजे ५४०) तर रचना बहुधा डीसी-टू-डीसी. बरंच कमी आलं तर ग्रुप समजा. गोल्ड दर्जाच्या एसएमपीएसमध्ये हीच रचना जवळजवळ ठरलेली. ब्रॉन्झमध्ये दोन्ही सापडतात.

कमीत कमी भाराचा जुना प्रश्नही इथे सुटतो. मूळ आयबीएम एटीमध्ये हार्डडिस्क नसेल तर १२ व्होल्टवर ५ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर लावून देत. सप्लाय सुरू राहावा म्हणून नुसती उष्णता! चांगल्या डीसी-टू-डीसी एसएमपीएसला असल्या ओझ्याची गरज पडत नाही.

खोक्यावर एटीएक्स१२व्हीओ असेल तर हात लावू नका. त्यात फक्त १२ व्होल्ट असतं, ५ नाहीच.

पंखा, आकार आणि केबल

जुन्या कॅबिनेटमध्ये गरम हवा बाहेर काढणारा एकमेव पंखा सप्लायचाच असायचा. आजच्या अनेक एसएमपीएसमध्ये कमी भारावर पंखा फिरतच नाही. ४८६ चे ४० वॅट म्हणजे त्याच्या लेखी काहीच नाही, त्यामुळे पंखा कायम बंद आणि आत हार्डडिस्क भाजून निघते. सतत फिरणारा पंखा असलेला घ्या, किंवा हा मोड बंद करायचं बटण मागे आहे ना ते बघा. नसेल तर कॅबिनेटला वेगळा ८० मिमी पंखा लावा.

१९९० च्या दशकातल्या बऱ्याच टॉवर कॅबिनेटमध्ये १५० × ८६ × १४० मिमीचा सप्लाय असतो आणि तीच एटीएक्सची मापं, त्यामुळे नवा सरळ बसतो. फक्त खोली बघा, मोठ्या वॅटचे १६० मिमी किंवा त्याहून लांब असतात आणि सीडीरॉमला अडतात. एक्सटी आणि पहिल्या एटीच्या पेट्या वेगळ्याच. तिथे जुन्या सप्लायची रिकामी पेटी ठेवून आत फ्लेक्स एटीएक्स, १५० × ८१.५ × ४०.५ मिमीचा, बसवतात. बाहेरून मशीन मूळ रूपात दिसतं. त्याचा ४० मिमीचा पंखा मात्र डासासारखा गुणगुणतो.

ड्राइव्हना लागणारे चार पिनांचे मोलेक्स कनेक्टर किती आहेत ते मोजून घ्या, आता दोन-तीनच मिळतात. फ्लॉपीचा छोटा कनेक्टर तर बहुधा नसतोच, मोलेक्सवरून अ‍ॅडॅप्टर घ्यावा लागतो. तो ड्राइव्हवर एक पिन सरकूनही बसतो, ही त्याची जुनी खोड. लाल वायर पाच व्होल्टच्या पिनवर आहे हे टॉर्च मारून बघा. साटावरून (नव्या ड्राइव्हच्या चपट्या कनेक्टरवरून) मोलेक्स करायचंच असेल तर वायरी खोच्यात क्रिम्प केलेला अ‍ॅडॅप्टर घ्या, एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेला नको. तसले आतून शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. साटाकडून एका व्होल्टेजला ४.५ अँपिअरच मिळतात, तेवढ्यातच भागवा.

मॉड्युलर एसएमपीएसची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. सप्लायकडच्या टोकाची जोडणी प्रमाणित नाही. प्लग मजेत बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जातं. जुनी हार्डडिस्क आतल्या डेटासकट गेली तर दुसरी आणायची कुठून?

पायरी ५: −५ व्होल्ट हवं का?

एटीएक्सच्या मूळ जोडणीत −५ व्होल्टची पांढरी वायर होती, २० पिनांच्या प्लगमध्ये १८ नंबरला. २००३ च्या सुमाराला ती प्रमाणातूनच काढली. नव्या २४ पिनांत २० नंबरची जागा रिकामी दिसते ती हीच.

बहुतेकांना तिची गरज नाही. ४८६ नंतरचे बोर्ड −५ व्होल्ट स्वतः वापरत नाहीत, फक्त आयएसए खोबणीच्या बी५ पिनपर्यंत पोचवतात. ते वापरतात काही जुनी आठ बिटांची साउंड आणि इतर कार्डं. कार्डवरून शोधायचं तर बी५ च्या सोनेरी पट्टीपासून पुढे रेघ जाते का ते पाहा. पट्टीच नसेल किंवा रेघ कुठे जात नसेल तर प्रश्न मिटला.

मात्र १६ ते ६४ किलोबाइटच्या बोर्डाचा मूळ आयबीएम पीसी असेल तर −५ व्होल्ट सक्तीचं. त्यातल्या ४११६ प्रकारच्या रॅम चिपना +१२, +५ आणि −५ तिन्ही लागतात, आणि −५ नसताना बाकीचे दोन दिले तर चिप मरतात. "आधी चालू करून बघू" हा प्रयोग इथे करायचा नाही.

−१२ व्होल्टपासून −५ बनवणं सोपं आहे. ७९०५ रेग्युलेटर, २५ व्होल्टचा २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर इनपुटला, १० मायक्रोफॅरडचा आउटपुटला, इतकंच. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडचा पाय ग्राउंड, मधला इनपुट (−१२), उजवा आउटपुट (−५). ७८०५ ची सवय असलेल्यांचा हात इथेच चुकतो, त्यात इनपुट डावीकडे असतो. दुसरी चूक कपॅसिटरची: व्होल्टेज उणे आहे, म्हणून कपॅसिटरचा अधिक पाय ग्राउंडला येतो. तिसरी धातूच्या पाठीची: ७९०५ ची पाठ इनपुटला जोडलेली असते, ती कॅबिनेटला टेकली की −१२ शॉर्ट. मायका किंवा सिलिकॉनची चकती घाला. १०० मिलिअँपिअरला ०.७ वॅट उष्णता होते, हीटसिंक लागत नाही. हे सगळं सोल्डर करायचं नसेल तर हेच काम करणारं व्होल्टेज ब्लास्टर नावाचं आयएसए कार्ड मिळतं, ते रिकाम्या खोबणीत बसवा.

पायरी ६: एटी बोर्डाला जोडणं आणि स्विच

२४ किंवा २० पिनांवरून पी८-पी९ (एटी बोर्डाचे सहा-सहा पिनांचे दोन प्लग) करणारा तयार अ‍ॅडॅप्टर घ्या. बोर्डावर दोन प्लग शेजारी-शेजारी बसतात, आणि दोन्हीच्या काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना खेटून आल्या पाहिजेत. उलट लावले तर ५ व्होल्ट ग्राउंडमध्ये जातं. प्लग तिरका धरून त्याची खाच अडकवावी लागते, मग सरळ दाबायचा.

अ‍ॅडॅप्टर लावण्याआधी मीटरने वायरी तपासा. पी८ वर क्रमाने: नारिंगी (पॉवर गुड), लाल, पिवळी, निळी (−१२), काळी, काळी. पी९ वर: काळी, काळी, पांढरी (−५, बहुधा रिकामी), लाल, लाल, लाल. नारिंगी वायर एटीएक्सच्या करड्या वायरला जोडलेली हवी. व्होल्टेज स्थिर झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांनी ती ५ व्होल्टवर जाते आणि तोवर बोर्ड रीसेटमध्ये राहतो. स्वस्त अ‍ॅडॅप्टरमध्ये ही वायर तुटकी निघाली तर पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडद्यावर काही येत नाही. लोक मग रॅम बदलत बसतात.

अ‍ॅडॅप्टर स्वतः बनवत असाल तर २० पिनांच्या प्लगमधल्या ११ नंबरच्या पिनमध्ये जाणाऱ्या दोन वायरींपैकी बारीक वायर (बहुधा तपकिरी) कापून मोकळी ठेवू नका. ती ३.३ व्होल्टची सेन्स वायर आहे. मोकळी राहिली की सप्लाय ३.३ वाढवत नेतो आणि सुरक्षा पडते, म्हणजे संरक्षण सर्किट त्याला बंद करतं.

आता स्विच. एटी मशीनच्या पुढच्या बटणात थेट २३० व्होल्ट यायचं: तपकिरी, निळी, काळी, पांढरी अशा चार जाड वायरी. त्या पूर्ण काढा. तोच स्विच दाबला की अडकून राहणारा आहे, म्हणून त्याच्या एका जोडीतून एटीएक्सची हिरवी वायर आणि एक काळी वायर नेता येते. दाबलं की सप्लाय सुरू, पुन्हा दाबलं की बंद, मूळ "खट्" आवाजासकट. त्यातून आता केवळ ५ व्होल्ट आणि नगण्य करंट जातो. जुन्या संपर्कांवर काजळी असेल तर इतका कमी करंट अडतो, म्हणून आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा दाबा आणि मीटरच्या बीपवर तपासा. एटीएक्स कॅबिनेटचं बटण मात्र इथे चालत नाही, सोडलं की ते परत येतं आणि सप्लाय बंद पडतो.

पायरी ७: टँटलम आणि फ्यूज

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एक्सटी-२८६ च्या काळातल्या बोर्डांवर टँटलम कपॅसिटर असतात, पाण्याच्या थेंबासारखे, पिवळे किंवा निळे. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर ते शॉर्ट होतात. जुना सप्लाय १२ व्होल्टवर ४ अँपिअर द्यायचा, शॉर्ट झाला की दमून बंद पडायचा. नवा ४५ अँपिअर द्यायला तयार असतो. टँटलम फटाक्यासारखा फुटतो, बोर्डवरची रेघ जळून जाते, आणि सप्लायला वाटतं नेहमीचं काम चाललंय.

म्हणून जोडण्याआधी बोर्डवर मीटर लावा. १२ व्होल्टची पिन ते ग्राउंड आणि −१२ ते ग्राउंड शेकडो ओहम किंवा जास्त दिसलं पाहिजे. दोन-चार ओहम दिसलं तर शॉर्ट आहे. ५ व्होल्टवर कमी आकडा दिसणं स्वाभाविक, पण एका ओहमखाली नको. मग पी८ च्या पिवळ्या वायरमध्ये गाडीचा ३ अँपिअरचा ब्लेड फ्यूज होल्डरसकट घाला. ड्राइव्हची पिवळी वायर वेगळी जाते, म्हणून इतका पुरतो. फ्यूज मोटारच्या इलेक्ट्रिशियनकडे मिळतो. ७९०५, चकत्या आणि पुढे लागणारे अ‍ॅल्युमिनियमचे रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत.

पायरी ८: आधी भारावर तपासा, मग बोर्ड

बोर्ड दूर ठेवा. हिरवी आणि काळी वायर जोडून सप्लाय सुरू करा. ५ व्होल्टवर १ ओहम, ५० वॅटचे दोन अ‍ॅल्युमिनियमचे रेझिस्टर समांतर लावा, जाड पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवून. १० अँपिअर, ५० वॅट. १२ व्होल्टवर गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब, साडेचार अँपिअर. पंधरा मिनिटं चालू द्या. पत्रा हात लावू नये इतका तापेल, तेवढं अपेक्षित आहे. मर्यादा: ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५, १२ व्होल्ट ११.४ ते १२.६, ३.३ व्होल्ट ३.१४ ते ३.४६, −१२ व्होल्ट १०.८ ते १३.२. आता बल्ब काढा आणि फक्त ५ वर भार ठेवून १२ व्होल्ट पुन्हा मोजा. जुन्या मशीनमधली परिस्थिती हीच. १२.५ च्या वर चढलं तर पायरी ४ मधला ग्रुप रेग्युलेशनवाला गळ्यात पडलाय.

मग बोर्ड, फक्त प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्डासह. ड्राइव्ह नंतर. मोजमाप सप्लायच्या टोकाला नव्हे, बोर्डावर, पी९ च्या लाल वायरीच्या मुळाशी घ्या. मोलेक्सवर ५.०५ आणि बोर्डावर ४.८ असेल तर दोष सप्लायचा नाही: अ‍ॅडॅप्टरच्या वायरी बारीक आहेत किंवा बोर्डाच्या पिना काळवंडल्या आहेत. पिना साफ करा, १८ गेज वायरीचा अ‍ॅडॅप्टर आणा.

अर्धा सेकंद फिरून बंद पडतंय? शॉर्ट आहे, एकेक कार्ड काढत जा. एकदा सुरक्षा पडली की एसएमपीएस अडकून बसतो. हिरवी वायर मोकळी करा किंवा मेन्स बंद करून अर्धा मिनिट थांबा, नाहीतर शॉर्ट काढल्यावरही तो सुरू होत नाही आणि तो मेला असं वाटतं. सीडी फिरायला लागली की मशीन रीसेट होतंय? सगळे ड्राइव्ह एकाच मोलेक्सच्या दुफाट्यांवर टांगले आहेत का बघा. अ‍ॅथलॉन गेम सुरू केल्यावर दहा मिनिटांनी लटकतोय आणि बोर्डावर ५ व्होल्ट ४.७ दिसतंय? पायरी ३ चं लेबल पुन्हा काढा.

भिंतीतली वीज

घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालणार असेल तर तो साइन वेव्हचा आहे ना ते बघा. स्क्वेअर वेव्हवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस कुरकुरतात, आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरकडे वळताना काही थेट बंद पडतात. अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएसमधले फिल्टर कपॅसिटर मेन्सचं अर्धं व्होल्टेज बॉडीवर आणतात. करंट इवलासा असला तरी मशीन चालू असताना प्रिंटर किंवा दुसरा पीसी केबलने जोडताना तो सीरियल-पॅरलल पोर्टच्या चिपवर जातो, आणि तीस वर्षांपूर्वीच्या त्या चिप शोधायला एसएमपीएसपेक्षा जास्त वणवण करावी लागते. तिसरी पिन खरोखर जमिनीपर्यंत जाते का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि केबल जोडताना दोन्हीकडचे प्लग काढलेले असू द्या.